डोंगराच्या मातीलाही माप हवे

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास तिथे चैत्यगृह आणि विहार खोदले गेले. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आजही आहे. समोरचे खांब तुटले, काही भाग ढासळला, तरी लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दगडी कमानी दोन हजार पावसाळे सोसून उभ्या आहेत. इथून फार लांब नसलेल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी मात्र १९ जुलै २०२३ च्या रात्री काही क्षणांत दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. कोंडाण्याचा कातळ आणि इर्शाळवाडीवर आलेली दरड, दोन्ही मूळच्या एकाच लाव्हाची लेकरे. एक टिकतो आणि दुसरी वाहते याचे कारण पदार्थाच्या साध्या भौतिक गुणधर्मांत आहे: घनता, सच्छिद्रता, ओलावा, कणांची एकमेकांवरची पकड. हे गुणधर्म मोजता येतात आणि त्यासाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही. तरीही माणसे ज्या उतारांखाली झोपतात त्या उतारांची ही मोजणी आपण करत नाही. ती वाडीवाडीवर झाली पाहिजे आणि तिची नोंद सरकारी दप्तरात असली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी कातळाकडे पाहू. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर. हे थर सारखे नाहीत. काही ठिकाणी घट्ट, काळा, बारीक कणांचा बेसाल्ट आहे, काही ठिकाणी वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला सच्छिद्र खडक आहे आणि दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबडा, मऊ, मातकट पट्टा आहे. घट्ट बेसाल्टची घनता घनसेंटिमीटरला २.८ ते ३ ग्रॅमच्या आसपास असते आणि तो पाणी जवळजवळ पीत नाही. सच्छिद्र खडक त्याहून हलका आणि कमजोर. हाच खडक हजारो वर्षे ऊनपावसात कुजला की त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती. दगडाची घनता काढायची रीत शाळेच्या पुस्तकात आहे: दगड आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. वजनात जितके ग्रॅम घट येते तितके घनसेंटिमीटर त्याचे आकारमान. या एका साध्या कृतीने कातळ कोणता, कुजलेला कोणता आणि मधला कोणता हे आकड्यात सांगता येते. लेणी खोदणाऱ्यांना हे छिन्नीखाली कळत होते. आपल्याला ते तराजूवर कळू शकते, लिहून ठेवता येते आणि दुसऱ्याला तपासून पाहता येते.

मातीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण मातीत घन कण, हवा आणि पाणी असे तिघे एकत्र नांदतात. एक उदाहरण घेऊ. उतारावरच्या एक घनमीटर कोरड्या, सैल मातीचे वजन १,३०० किलो आहे असे समजा. तिच्या कणांची स्वतःची घनता पाण्याच्या साधारण २.७ पट असते. म्हणजे कणांनी त्या घनमीटरात निम्म्याहून थोडी कमीच जागा व्यापली आहे आणि बाकी सुमारे ५२ टक्के जागा रिकामी आहे. पावसात ही सगळी पोकळी पाण्याने भरली तर त्यात ५२० लिटर पाणी मावते आणि तीच माती १,८२० किलोची होते. उतारावरून खाली ओढणारा भार असा वाढला. पण खरे संकट वजनापेक्षा पकडीत आहे. कोरड्या मातीत कण एकमेकांवर १,३०० किलोच्या भाराने दाबलेले असतात आणि त्या दाबातून येणारे घर्षण त्यांना जागेवर धरते. पोकळीत पाणी भरले की ते पाणी कणांना वर उचलू लागते. प्रत्येक घनमीटरात हजार किलोचा आधार पाणीच देते आणि कणांना एकमेकांवर दाबायला उरतात ८२० किलो. ओढणारा भार १,८२० आणि धरून ठेवणारा ८२०. उतार तोच, माती तीच, पण घर्षणाचा आधार भाराच्या मानाने निम्म्याखाली आला. १९२० च्या दशकात कार्ल टर्झागी या अभियंत्याने हा विचार मांडला आणि मातीचे अभियांत्रिकी शास्त्र त्याच्यावर उभे राहिले. थोडी ओल मातीचे कण जोडते, फार ओल त्यांना सोडवते. म्हणून माती ओली आहे एवढे कळून भागत नाही. ती किती ओली आहे, तिच्यात पोकळी किती आहे आणि त्यातली किती भरली आहे, हे कळायला हवे.

आता पाऊस पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, अर्थात एक किलो पाणी. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आले. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अर्धा टन पाणी, एका हेक्टरवर जवळपास पाच हजार टन. यातले किती ओढ्याने निघून गेले आणि किती जमिनीत मुरले, हे त्या जागच्या मातीच्या गुणधर्मांवर ठरते. वर सैल माती किंवा मुरूम आणि खाली पाणी न पिणारा घट्ट कातळ असेल, तर मुरलेले पाणी दोहोंच्या सांध्यावर अडते आणि तिथूनच घसरण सुरू होऊ शकते. माती हातभर खोल आहे की पुरुषभर, हेही लाखमोलाचे. पावसाचा आकडा आपण रोज वाचतो. तो पाऊस ज्या मातीत मुरतो तिचा आकडा आपल्याकडे नसतो. समीकरणाची एकच बाजू माहीत असेल तर उत्तर निघत नाही.

हा आकडा काढायला काय लागते? जागेवरच्या मातीची घनता मोजण्याची भारतीय मानकातली एक रीत अशी आहे: दहा सेंटिमीटर आतल्या व्यासाचे, पावणेतेरा सेंटिमीटर उंचीचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले पोलादी नळकांडे जमिनीत ठोकायचे, ते मातीसकट काळजीपूर्वक काढायचे आणि दोन्ही तोंडे सुरीने सपाट करायची. आत बरोबर एक लिटर माती आली. ती तोलायची, मग १०५ ते ११० अंश सेल्सिअसवर भट्टीत दिवसभर वाळवायची आणि पुन्हा तोलायची. पहिले वजन ओल्या मातीची घनता सांगते, दुसरे कोरड्या मातीची आणि दोहोंतला फरक पाण्याचा. ओलसर माती तळहाताखाली वळून तीन मिलिमीटर जाडीची वळी होते की तुटते, यावरून तिच्यातल्या चिकणमातीचा स्वभाव कळतो. जमिनीत कडे रोवून त्यात पाणी ओतले आणि ते किती वेळात जिरते हे घड्याळावर पाहिले, तर मुरण्याचा वेग मिळतो. सळई ठोकून कातळ किती खोल आहे याचा अंदाज येतो. नळकांडे तालुक्याच्या गावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल, वजनकाटा किराणा दुकानात असतो आणि वाळवण्याची भट्टी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. कर्जतला तर कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे, ज्याच्या भाताच्या वाणांना तालुक्याचेच नाव मिळाले आहे. माती हाताळणारी माणसे इथे नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही.

आपण मातीचे काहीच मोजत नाही असेही नाही, म्हणून ही उणीव अधिक बोचते. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा घटक आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युतवाहकता आणि सेंद्रिय कर्ब. शेतातून नमुना घेणारा माणूस, पिशवी, प्रयोगशाळा आणि नोंद, सगळी साखळी तयार आहे. पण त्या बारांत घनता नाही, सच्छिद्रता नाही, पाणी धरण्याची क्षमताही नाही. दुसरीकडे रस्ता बांधताना मुरमाची जागेवरची घनता मोजल्याशिवाय पुढचा थर टाकू नये असा नियम आहे, कारण ढिला मुरूम चाकाखाली खचतो. खालापूर तालुक्यातूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. आडोशी बोगद्याजवळ २०१५ साली दरड कोसळून प्रवाशांचे बळी गेले, त्यानंतर घाटातल्या कड्यांची पाहणी झाली, सुटे दगड काढले गेले, लोखंडी जाळ्या बसल्या. ते योग्यच झाले. पण ज्या तालुक्यात गाड्यांच्या डोक्यावरचा कडा तपासला जातो, त्याच तालुक्यात ठाकर आणि कातकरी वाड्यांच्या डोक्यावरचा उतार न मोजलेला राहतो. हे न्यायाला धरून नाही. शिधावाटप दुकानातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, कारण तांदळात काही ग्रॅमची खोट हा गुन्हा मानला जातो. माणसाच्या जिवाशी संबंधित मापाला तेवढी तरी प्रतिष्ठा मिळायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे तज्ज्ञांचे काम आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ते करत आहे. सर्वेक्षणाचे काम मोलाचे आहे यात शंका नाही. २०१४ पासून देशभरच्या दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे त्याने तयार केले. पण ते नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर होतो. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत बसते. अशा नकाशावरून तालुक्यातला कोणता डोंगर नाजूक आहे हे कळेल, पण कोणत्या वाडीमागची माती सैल आणि खोल आहे हे कळणार नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सरकारनेच सभागृहात सांगितले. हा दोष नकाशा करणाऱ्यांचा नाही. तेवढ्या बारकाईने पाहण्यासाठी तो नकाशा केलेलाच नव्हता. मोठ्या नकाशाने दिशा दाखवावी आणि स्थानिक मोजणीने तपशील भरावा, असे दोघांचे काम एकमेकांना पूरक आहे. पावसाचेही तेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. सपाट शहरात हा फरक, तर सह्याद्रीच्या चढउतारात महसूल मंडळाच्या एका पर्जन्यमापकावरून डोंगरमाथ्याच्या वाडीचा पाऊस ठरवणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातीची घनता आणि ओलावा मोजून दरड कोणत्या रात्री, किती वाजता येईल हे सांगता येते का? नाही. उतार कधी सुटेल याची वेळ कोणतेही शास्त्र आज अचूक देऊ शकत नाही. पण मोजणीचा उपयोग वेळ सांगण्यात नाही, क्रम लावण्यात आणि मर्यादा ठरवण्यात आहे. शंभर वाड्यांपैकी कोणत्या दहा आधी पाहायच्या, किती पाऊस झाला की लोकांनी शाळेत किंवा समाजमंदिरात झोपायला जायचे, हे ठरवायला आकडे लागतात. १९७२ साली हाँगकाँगमध्ये एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून सव्वाशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९७७ मध्ये तिथे उतारांसाठी स्वतंत्र सरकारी विभाग स्थापन झाला, हजारो उतारांची एकेक करून नोंद झाली आणि पर्जन्यमापकांवर आधारलेली इशाऱ्याची पद्धत सुरू झाली. तिथेही इशारे कधीकधी फोल ठरतात, पण बळींची संख्या पूर्वीच्या मानाने फार खाली आली. एखादा इशारा खोटा ठरला तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय एकच: इशारा कशावरून दिला हे लोकांना माहीत असणे. वाडीतल्याच पर्जन्यमापकात पाणी किती आहे हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला रात्रीपुरते घर सोडण्याचे कारण कोणी समजावून द्यावे लागत नाही.

तिसरा आक्षेप आदराने घ्यायला हवा. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना डोंगर कळतो, त्यांना बाहेरच्या मापांची काय गरज? वरकस जमिनीवर नाचणी-वरी काढणाऱ्या माणसाला कुठली माती पाणी धरते, कुठला झरा कधी फुटतो, कुठे नवी भेग पडली हे खरोखर कळते. नवा झरा किंवा गढूळ झालेला जुना झरा ही मातीतला दाब वाढल्याची खूण आहे, हे अभियंतेही मान्य करतील. मोजणीने या ज्ञानाची जागा घ्यायची नाही, तिने त्याला वजन द्यायचे आहे. वाडीतल्या माणसाने तहसील कार्यालयात जाऊन भीती वाटते असे सांगितले तर त्याची नोंद होईलच असे नाही. पण अमुक तारखेला भेग दोन सेंटिमीटर होती, महिन्याने पाच झाली, मागच्या उतारावरच्या मातीत इतके टक्के पाणी आहे, असे लेखी दिले तर ते बाजूला सारणे अवघड होते. ज्यांचा शब्द सरकारदरबारी सहज ऐकला जात नाही, त्यांनाच आकड्याची गरज सर्वांत जास्त असते.

चौथे म्हणणे असे की मोजत बसण्यापेक्षा सरळ पुनर्वसन करा. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने चौकजवळ घरे बांधली, तसे सर्वांचे करावे. पण ते पुनर्वसन माणसे गेल्यावर झाले. माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गेली, तळिये २०२१ मध्ये गेली, त्याआधी २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई आणि दासगाव गेले. दर वेळी नवे गाव जुन्याच्या चितेनंतर उभे राहिले. आधी हलवायचे तर कोणाला हलवायचे हे ठरवावे लागेल. शिवाय ज्या जागेवर हलवायचे ती जागा सुरक्षित आहे हेही दाखवावे लागेल. मोजणीशिवाय दोन्ही प्रश्नांची उत्तरे राजकीय वजनावर ठरतात. आणि पिढ्यांची जागा, रान, देव सोडून जा असे ज्या माणसाला सांगायचे, त्याला कारण दाखवणे हे सरकारचे किमान ऋण आहे. मात्र मोजणीची सबब सांगून पुनर्वसन लांबवू नये. जिथे धोका डोळ्यांना दिसतो आहे, तिथे आकड्याची वाट पाहण्याची गरज नाही. वर्षांमागून वर्षे अभ्यास चालू ठेवण्याची सवय आपल्या प्रशासनाला आहे, म्हणून मोजणीला मुदत हवी आणि मुदतीनंतर निर्णय हवा.

ती मोजणी कोणी करायची? माझ्या मते तालुक्यातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, कृषी संशोधन केंद्राच्या मार्गदर्शनाखाली आणि गावातल्या माध्यमिक शाळांना सोबत घेऊन. मुले चुका करतील, हा आक्षेप फार टिकणारा नाही. एका जागी तीन नमुने घेतले, दोन वेगळ्या हातांनी तोलले आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा घेतले, तर चूक सापडते. मोजणीचे शास्त्र म्हणजे चूक ओळखण्याचीच शिस्त आहे. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या भीषण दरडींआधी, स्थानिक पर्जन्यमापकांच्या जाळ्यावर काम करणाऱ्या कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने प्रशासनाला धोका कळवला होता. लोकांनी लोकांसाठी घेतलेली मापे कामाची असतात हे त्यातून दिसते. ती ऐकणारी यंत्रणा नसेल तर मापे एकटी जीव वाचवत नाहीत, हेही दिसते. आपल्या शाळांत घनतेची व्याख्या पाठ होते, वस्तुमान भागिले आकारमान असे लिहिले की गुण मिळतात. तीच व्याख्या गावामागच्या उतारावर नेली तर मुलाला विज्ञान कळेल आणि गावाला स्वतःची जमीन कळेल.

म्हणून मागणी मोजकी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरउतारावर किंवा त्याच्या लगत असलेल्या प्रत्येक वाडीत एक साधा पर्जन्यमापक असावा आणि रोज सकाळचे माप ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे. प्रत्येक उताराची पावसाळ्याआधी आणि भर पावसात अशी दोनदा मोजणी व्हावी: मातीची खोली, ओली व कोरडी घनता, पाण्याचे प्रमाण, मुरण्याचा वेग. मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत डोंगरी तालुक्यांपुरती तरी मातीच्या भौतिक गुणधर्मांची भर घालावी. हे आकडे तहसील कार्यालयात कुलूपबंद न राहता ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की वाडी रिकामी करायचा अधिकार सरपंच व तलाठ्याला असावा. यात नवे शोध लावायचे नाहीत, नवे तंत्रज्ञान परदेशातून आणायचे नाही. रायगड जिल्हा प्रशासनाने येत्या उन्हाळ्यात दहा वाड्यांपासून सुरुवात केली तरी पुढच्या जूनपर्यंत पहिली नोंदवही हाती येईल. ती सुरुवात करा, आणि ती होत नसेल तर ग्रामसभेत उठून विचारा: आमच्या डोक्यावरच्या मातीचे माप कुठे आहे?